उद्यमबागचा एक ऑपरेटर आणि मंदीनंतरची सरकारी भरती

बेळगावात खानापूर रोडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, नावाला झेरॉक्स, खरं काम ऑनलाइन फॉर्म भरायचं. पोलीस, आर्मी, पोस्ट, रेल्वे, हेस्कॉम (आमच्याकडची वीज कंपनी), जे निघेल ते. सरकारी भरती मी इतकी वर्षं याच काउंटरवरून बघतोय, त्यामुळं पेपरात नोकऱ्या वाढल्याची बातमी आली की मला आधी तो महिना आठवतो, तेव्हा दुकानात किती पोरं आली होती, कुठल्या वयाची होती, आणि फॉर्म भरून गेल्यावर त्यांचं पुढं काय झालं. इथं एकाच पोराचं प्रकरण पूर्ण लिहितोय. माझ्या मावशीचा धाकटा मुलगा. नाव लिहीत नाही, त्यानं लिही म्हटलंय तरी नाही.

मला सांगायचंय ते आधीच सांगतो. मंदी येऊन गेल्यावर सरकारनं किती जागा भरल्या याचीच चर्चा होते, पण त्या कधी भरल्या हे कुणी बघत नाही, आणि आमच्या सीमाभागातल्या पोरांचं जे काय नुकसान झालं ते या "कधी"मुळं झालं.

२०१९, लॉकडाऊनच्या आधी

पोराचा जन्म १२ ऑगस्ट १९९९ चा. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मराठी शाळेतून दहावी, ६८ टक्के, मग टर्नर ट्रेडमधून आयटीआय, आणि बाहेरून बारावी. २०१७ ला उद्यमबागेत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये लागला, सीएनसी लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनवर. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, यायचं, हे त्याचं मशिनिंग करायचे. पगार ११ हजार आणि वर ओव्हरटाइम, म्हणजे ओटी, ओटी धरून १४-१५ पर्यंत जायचा. ज्यांना बेळगाव फक्त सीमाप्रश्नामुळं माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, उद्यमबाग आणि मच्छे इथं फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकची कामं एवढी आहेत की आजूबाजूच्या गावांतल्या जवळजवळ प्रत्येक गल्लीत कुणीतरी एक जण शिफ्टला जातो. देशात गाड्या खपल्या की आमच्याकडं भट्ट्या पेटतात, इतका सरळ संबंध आहे.

२०१९ मध्ये गाड्यांची विक्री पडली. त्या ऑगस्टला तर प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त खाली होती, आणि त्याच महिन्यात आमच्याकडं महापूर. शॉपमध्ये आधी ओटी बंद झाली, मग तिसरी शिफ्ट बंद, मग आठवड्यात चारच दिवस काम. म्हणजे लोक ज्याला कोरोनाची मंदी म्हणतात ती उद्यमबागेत सात-आठ महिने आधीच येऊन बसलेली. पोराचं डोकं तेव्हाच सरकारी भरतीकडं वळलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, लहानपणापासून कॅम्पातली परेड बघितलेली, घरोघरी कुणी ना कुणी रिटायर सुभेदार नाहीतर हवालदार, त्यामुळं इथल्या पोराला सरकारी नोकरी म्हटलं की आधी आर्मीच आठवते. २०१९ च्या सुरुवातीला तो आर्मी भरतीची एक रॅली पळून आला होता, रनिंगमध्येच बाहेर पडला. मग रोज पहाटे साडेचारला पळायला सुरुवात केली, पुढच्या वर्षीच्या रॅलीसाठी. जनरल ड्युटीला वयाची मर्यादा २१, म्हणजे ऑगस्ट २०२० पर्यंत त्याला अजून एक चान्स होता.

२४ मार्च २०२० ला लॉकडाऊन जाहीर झालं. शॉप बंद. मे महिन्यात उघडलं तेव्हा निम्मीच माणसं घेतली. ह्याला मालक म्हणाले, बोलावतो. आर्मीची रॅली काही झालीच नाही, आणि ऑगस्टमध्ये तो २१ चा झाला.

सरकारनं त्या वर्षी काय केलं

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आकसला. लोकांच्या हातचं काम गेलेलं, म्हणजे कुणीतरी माणसं कामाला लावायची हीच खरी वेळ. पण झालं उलटं. महाराष्ट्रानं ४ मे २०२० ला शासन निर्णय काढून आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून बाकी सगळी नवीन भरती थांबवली. केंद्रानं ४ सप्टेंबर २०२० ला नवीन पदं तयार करायला बंदी घातली, मग ओरड झाल्यावर खुलासा केला की आहे त्या रिकाम्या जागांची नेहमीची भरती चालू राहील. कर्नाटकानंही त्या वर्षी खर्च कमी करायला भरतीला ब्रेक लावला. राज्यांची बाजूही समजून घ्यायला पाहिजे, जीएसटी आटला होता, कर्ज काढायला मर्यादा होती, ती केंद्रानं त्या वर्षापुरती राज्याच्या जीडीपीच्या ३ वरून ५ टक्क्यांपर्यंत वाढवली पण त्यातल्या बऱ्याचशा भागाला अटी लावून. तिजोरी आटली की राज्य सरकार पहिल्यांदा भरती थांबवतं, कारण जो माणूस अजून कामाला लागलेलाच नाही तो मोर्चा घेऊन येत नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत २००७ च्या डिसेंबरात सुरू झालेली मंदी कागदावर जून २००९ ला संपली, पण बेकारी ऑक्टोबर २००९ ला १० टक्क्यांवर गेली. तिथल्या केंद्र सरकारनं फेब्रुवारी २००९ ला ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज दिलं, आणि तिकडं राज्यं आणि नगरपालिका मात्र पुढची काही वर्षं शिक्षक आणि कर्मचारी कमी करत राहिल्या, कारण तिथल्या बहुतेक राज्यांना बजेट दरवर्षी जुळवावंच लागतं. मे २०१० ला तिथं ४ लाख ३१ हजार नोकऱ्या वाढल्याचा पहिला आकडा आला, त्यातल्या ४ लाख ११ हजार शिरगणतीच्या हंगामी होत्या, खाजगी फक्त ४१ हजार, आणि बाकीच्या सरकारी नोकऱ्या उलट कमी झाल्या. एका हातानं पगार वाटायचा आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचा असा तो प्रकार. तरी त्या हंगामी लोकांच्या घरात काही काळ पगार आला हे मी कमी मानत नाही. आपल्याकडं शिरगणती मास्तरांच्याच गळ्यात पडते, आणि २०२१ ची तर झालीच नाही.

आता जे चाललं ते पण लिहायला पाहिजे. त्या उन्हाळ्यात मावशीच्या घरात पैसा आला तो रोजगार हमीचा. जॉब कार्ड मावशीच्या नावावर होतं, त्यात पोराचं नाव घातलं आणि दोघं गावच्या तळ्याचा गाळ काढायला जायला लागले. दिवसाला २७५ रुपये. लेथवर मायक्रॉनमध्ये माप धरणारा पोरगा बुट्टीनं गाळ उचलत होता, मावशीला ते बघवत नव्हतं, पण तो स्वतः कधी काही बोलला नाही. देशभरात त्या वर्षी या योजनेवर ११ कोटींहून जास्त माणसं आली आणि ३८९ कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम झालं, सरकारनं ६१,५०० कोटींच्या तरतुदीवर आणखी ४० हजार कोटी घातले. हे का जमलं? कारण मनरेगाच्या कायद्यात काम मागितल्यापासून १५ दिवसांत द्यायचं बंधन होतं. जाहिरात नाही, परीक्षा नाही, आरक्षणाचा रोस्टर नाही. मागणी वाढली की काम आपोआप वाढायचं, मंत्रालयात फाइल फिरवायची गरज नव्हती. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात मंदीच्या वेळेला धावून आलेली सरकारी नोकरी म्हणायची तर हीच एक, आणि ती नोकरी नव्हती, रोजगार होता.

दुसरं एक बारीक पण महत्त्वाचं. आमच्या गल्लीत एक शिक्षिका आणि एक रिटायर जवान, ह्या दोन घरांत लॉकडाऊनभर पैसे वेळेवर येत होते. किराणावाला मला सांगायचा की ह्या दोन घरांच्या रोख पैशावर मी बाकी दहा घरांची उधारी चालवली. सरकारी पगार एका माणसाला मिळतो पण तो गल्लीत फिरतो, हे मला पुस्तकातनं नाही, त्या उधारीच्या वहीतनं कळलं.

आकडा सुधारला, पोरगा घरीच

पोराला शॉपमधून दोनदा बोलावणं आलं. पहिलं २०२० च्या दिवाळीला, साडेनऊ हजारावर. गेला. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली, परत बंद. दुसरं बोलावणं जुलै २०२१ ला, तेव्हा मात्र ऑर्डरी खरंच वाढत होत्या, मालक १३ द्यायला तयार होते. तो गेला नाही. आणि इथं मला कबूल करायला पाहिजे, जाऊ नको म्हणून सांगणाऱ्यांत मी पण होतो. दोन वर्षं भरती तुंबलीय, आता सुटेल तेव्हा एकदम सुटेल, तयारीत राहा, असं मी त्याला दुकानात बसून सांगितलं. काका म्हणत होते, "हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागूलालास?" काकांचं कुणी ऐकलं नाही.

शॉपला जात नव्हता त्या काळात तो घरच्या दीड एकरात काम करायचा, पहाटे पळायचा, दुपारी अभ्यास. सरकारी सर्व्हेच्या हिशेबात हा बेकार नाही, घरच्या शेतात बिनपगारी राबणारा पण कामकरीच धरतात. म्हणून तर देशातला बेकारीचा दर २०१९-२० च्या ४.८ टक्क्यांवरून २०२०-२१ ला ४.२ वर आला आणि तेव्हाच शेतीतल्या माणसांचा वाटा ४६.५ टक्क्यांवर गेला, जो २०१८-१९ ला ४२.५ होता. कारखान्यातनं सुटलेली माणसं शेतात जाऊन उभी राहिली, आणि कागदावर रोजगार सुधारला. आकडा खोटा नाही, पण त्यात मावशीच्या शेतातला हा टर्नर दिसत नाही.

१४ जून २०२२. त्या एका दिवसात दोन गोष्टी जाहीर झाल्या, केंद्र दीड वर्षात १० लाख जागा भरणार, आणि आर्मीत आता अग्निपथ, चार वर्षांची नोकरी, २५ टक्क्यांपर्यंत पुढं कायम. दोन वर्षं भरती झाली नव्हती म्हणून त्या वर्षापुरती वयाची मर्यादा २१ वरून २३ केली. पोरगा धावत दुकानात आला. नोटिफिकेशन आलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळूनच ते वाचलं, जन्म १ ऑक्टोबर १९९९ किंवा त्यानंतरचा पाहिजे. ५० दिवस. दोन वर्षं सरकारच्याच कारणानं गेली, आणि त्याची भरपाई देताना तारखेची रेघ अशी मारली की हा ५० दिवसांनी पलीकडं पडला. तो काही बोलला नाही, स्क्रीनवरची तारीख परत एकदा वाचली आणि गाडी काढून गेला.

मग नोव्हेंबर २०२२ ला महाराष्ट्र पोलीस, १८,३३१ जागा. आम्हा सीमाभागातल्यांना तिथं अर्ज करता येतो, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी जुलै २००८ चा शासन निर्णय आहे, १५ वर्षं राहिल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. दाखल्यासाठी एका ऑफिसात त्याला सहा चकरा मारायला लागल्या, नमुना मराठीत आणि ऑफिस कन्नडमध्ये, दोष कुणाला द्यायचा. फी ४५०. जानेवारीत कोल्हापूरला ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० पैकी ४१ पडले, एप्रिलच्या लेखीत तीन मार्कांनी राहिला. सगळ्या महाराष्ट्रातनं १८ लाखांच्या आसपास अर्ज आलेले, एका जागेला जवळजवळ शंभर.

मधल्या काळात जानेवारी २०२३ ला पोस्टाची जीडीएस (ग्रामीण डाक सेवक) भरती निघाली, ४०,८८९ जागा, दहावीच्या मार्कांवर. ६८ टक्केवाल्याला त्यात काय मिळणार, मेरिट नव्वदीच्या वर लागतं. कर्नाटक सरकारच्या जागांबद्दल विचाराल तर पोरगा कन्नड फाडफाड बोलतो, शॉपमध्ये निम्मं काम त्याच भाषेत चालतं, पण कन्नडच्या कंपल्सरी पेपरात लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. मी आता प्रत्येक मराठी शाळेच्या पोराला सांगतो, कन्नड लिहायला शीक, तुझ्या मराठीला त्यानं काही होत नाही. आणि ज्यांना कन्नड उत्तम येतं त्यांचं तरी काय झालं? कर्नाटकात ५४५ पीएसआयची परीक्षा ३ ऑक्टोबर २०२१ ला झाली, घोटाळा निघाला, एप्रिल २०२२ ला रद्द, फेरपरीक्षा जानेवारी २०२४ ला. नंतर ऑक्टोबर २०२४ पासून अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाचा निर्णय होईपर्यंत नवीन जाहिराती थांबल्या, तो निर्णय ऑगस्ट २०२५ ला आला. कारणं प्रत्येक वेळी खरी आणि गंभीर आहेत, आरक्षणाचा प्रश्न तर कित्येक वर्षांचा अन्यायाचा आहे. पण सगळ्याची बेरीज केली की अडीच लाखांच्या वर मंजूर जागा रिकाम्या आणि दुकानासमोर रांग, दोन्ही एकाच वेळी.

चूक कुठं झाली

मी बऱ्याच लोकांशी बोललो, ज्या मालकांनी त्याला बोलावलं होतं त्यांच्याशी पण. ते म्हणाले, "२०२१ नंतर मला माणसं मिळेनात. गावातली पोरं सगळी ग्राउंडवर. शेवटी ओडिशा, बिहारची पोरं आणली, खोल्या घेऊन दिल्या, शिकवलं." त्यांची तक्रार ऐकताना मला राग आला होता, २०२० ला बोलावतो म्हणून फोन न उचलणारे हेच. पण त्यांचं म्हणणं खोटं नाही.

बघा कसं झालं. २०२० ला कारखान्यात काम नव्हतं तेव्हा भरती बंद. २०२२-२३ ला कारखान्याला माणूस पाहिजे तेव्हा सगळ्या भरत्या एकदम, पोलीस, अग्निवीर, पोस्ट, तलाठी. सरकारी जागेची मंजुरी, फायनान्सची सही, रोस्टर, जाहिरात, परीक्षा, कोर्ट, यादी, ह्याला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे मंदीत कुणी भरतीचं ठरवलं तरी माणूस खुर्चीत बसेपर्यंत तेजी आलेली असते. आणि मंदीत ठरवतच नाहीत. त्यामुळं सरकारी भरतीनं मंदीचा खड्डा भरला नाही, वर येणाऱ्या कारखान्याच्या माणसांना मात्र थांबवून ठेवलं. बरं थांबलेली सगळी लागली असती तरी चाललं असतं, शंभरात एक लागतो.

यावर उपाय काही आभाळातनं आणायचा नाही. परीक्षा दरवर्षी ठरल्या महिन्यात घ्या, पैसे असोत नसोत, आणि पास झालेल्यांची यादी तयार ठेवा, मग मंदी आली की नेमणूक करायला तीन महिने पुरतात. भरती सरकारनंच थांबवली तर जेवढे दिवस थांबली तेवढे दिवस वय आपोआप वाढवून द्या, तारीख मोजून, कुणाला ५० दिवसांसाठी मरायला लावू नका. आणि मंदीच्या वर्षात ट्रेडवाल्या पोरांना परिवहनच्या वर्कशॉपमध्ये, पाणीपुरवठ्याच्या पंपांवर, हेस्कॉममध्ये अप्रेंटिस म्हणून घ्या, गाळ काढण्यापेक्षा त्याच्या हातातलं कसब तरी टिकलं असतं. यातलं तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन वर्षं मशीन सोडल्यावर ह्याच पोराला परत मशीनमध्ये ऑफसेट (मापाची दुरुस्ती) घालताना घाम फुटत होता, असं तो स्वतः सांगतो.

नोव्हेंबर २०२३ ला तो परत उद्यमबागेत गेला. दुसरं शॉप, पगार १६ हजार. २०२१ ला ओडिशाहून आलेला एक पोरगा तिथं आता सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा) आहे, ह्याच्यापेक्षा वयानं लहान, पगार २४. दोघांचं चांगलं जमतं, हा त्याच्याकडनं नवीन कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग शिकतोय.

२०२५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र पोलिसांचे फॉर्म परत चालू होते, पंधरा हजारांच्या वर जागा. रात्री दहाला दुसरी शिफ्ट संपवून आला, शटर अर्धं खाली होतं. "दादा, भरूया की. वय २८ पर्यंत चालतंय." मी जुनाच लॉगिन काढला. फोटो २०२२ चा होता, नवीन काढला. भरता भरता मी गोळ्याचं विचारलं. लॉकडाऊननंतर गावातल्या पोरांना गोळाफेकीची प्रॅक्टिस करायला गोळा नव्हता, विकतचा परवडेना, तेव्हा ह्यानं एका फाउंड्रीतल्या मित्राकडनं भंगारातलं कास्टिंग आणून सवाशे एमएमच्या आसपास गोल टर्न करून दिलेला, किराणावाल्याच्या काट्यावर बरोबर ७ किलो २६०. म्हणाला, तो आता शाळेच्या ग्राउंडवर असतो, बारकी पोरं वापरतात, अकरा-बारा जण आहेत, रविवारी पहाटे जाऊन त्यांच्यातनंच दोन तास मागून घेणार आहे.